लसीका ग्रंथींकडे प्रतिरक्षा पेशींचे स्थलांतर

लसीका ग्रंथींकडे प्रतिरक्षा पेशींचे स्थलांतर ही रोगप्रतिकार यंत्रणेतील एक मूलभूत प्रक्रिया आहे. रक्तात व ऊतींत विखुरलेल्या या पेशींना केमोकाइन नावाची लहान प्रथिने दिशा दाखवतात. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही हे संकेत ओळखतात.

गरज

विशिष्ट जंतू ओळखू शकणारी टी पेशी लाखात जेमतेम एखादी असते. जखमेच्या जागी तिची व त्या जंतूची गाठ योगायोगाने पडणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे जंतूचे अंश आणि टी पेशी या दोहोंना लसीका ग्रंथीत एकत्र आणले जाते.

जखमेपासून ग्रंथीपर्यंत

अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वरसारख्या कापूस-तुरीच्या भागात शेतात काम करताना पायात काटा किंवा तुरीचे धसकट रुतते. जखम चिघळल्यास जांघेत दुखरी गाठ येते. तिला ‘अवधाण’ म्हणतात. ही सुजलेली लसीका ग्रंथी असते. जखमेजवळील डेंड्रायटिक पेशी जंतूंचे अंश गिळून सीसीआर७ या ग्राहीचे प्रमाण वाढवतात. लसीकावाहिन्यांच्या भिंतीतून सीसीएल२१ हे केमोकाइन स्रवते. त्याचे प्रमाण जिकडे अधिक, तिकडे या पेशी सरकतात आणि लसीकेबरोबर जांघेतील ग्रंथीत पोहोचतात.

रक्तातून प्रवेश

टी पेशी ग्रंथीत रक्तावाटे येतात. तेथील विशिष्ट सूक्ष्म शिरांच्या भिंतीवर त्या प्रथम घरंगळतात. भिंतीवरील सीसीएल२१ चा संकेत सीसीआर७ ला मिळताच त्या घट्ट चिकटतात व भिंत ओलांडून आत शिरतात. बी पेशींना सीएक्ससीएल१३ हे दुसरे केमोकाइन ग्रंथीतील त्यांच्या स्वतंत्र कप्प्यांकडे नेते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सीसीआर७ नसलेल्या उंदरांमध्ये टी पेशी व डेंड्रायटिक पेशी ग्रंथींपर्यंत नीट पोहोचत नसल्याचे आणि प्रतिपिंडे उशिरा तयार होत असल्याचे आढळले.

निर्गमन

स्फिंगोसिन-१-फॉस्फेट हा मेद पदार्थ रक्तात व लसीकेत अधिक, तर ग्रंथीच्या ऊतीत कमी असतो. जंतू न भेटलेली टी पेशी साधारण अर्धा ते एक दिवस शोध घेऊन या फरकाच्या आधारे बाहेर पडते. संसर्गकाळात मात्र हा संकेत ओळखणारा ग्राही पेशींच्या पृष्ठभागावरून तात्पुरता नाहीसा होतो. पेशी आतच थांबतात, जंतू ओळखणाऱ्या पेशींची संख्या वाढते आणि ग्रंथी सुजते.

वैद्यकीय महत्त्व

फिंगोलिमॉड हे औषध पेशींचे हे निर्गमन रोखते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकारावरील उपचारासाठी त्याला २०१० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. स्तनांच्या कर्करोगाच्या काही पेशींवरही सीसीआर७ आढळतो. काखेतील ग्रंथींत कर्करोग पसरण्यामागील हे एक कारण मानले जाते. जखमेमुळे आलेले अवधाण सामान्यतः जखम बरी झाल्यावर ओसरते. जखम नसताना आलेली, टणक किंवा अनेक आठवडे टिकणारी गाठ क्षयरोगाची अथवा कर्करोगाची असू शकते. तिची वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.