मागणी आणि वचन

पनवेलीस श्रीधूतपापेश्वर औषधी कारखाना निघाला तो १८७२ साली. पुढे पाचच वर्षांनी टपालखात्याने व्ही. पी. ची पद्धत सुरू केली व दूरगावी माल धाडणाऱ्यांची मोठी सोय झाली. टपालवाल्याने पुडके देऊन किंमत घ्यावी व खात्याने ती विक्रेत्यास पोचवावी, अशी ती योजना होती.

आज वखारीतून निघालेला जिन्नस कोठवर आला, हे बारकोड वाचून यंत्र सांगते. परंतु घेणाऱ्याच्या मनाचा ठाव त्यास लागत नाही. दारी आलेले पुडके विनाकारण परतविल्यास जाण्यायेण्याचा भुर्दंड पूर्वीप्रमाणेच बहुधा विक्रेत्यावर पडतो, आणि लहान दुकानदाराचा नफा त्यातच बुडतो. यास्तव मागणी नोंदविण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे, असे आम्ही मुलांस सांगतो.