पाण्यावरचे घर आणि आपली प्रकृती

अर्धापूरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आपल्याकडे नाव दिसते ती गोदावरीत किंवा धरणाच्या पाण्यात, आणि तीही मासे धरण्यापुरती. तेव्हा आरोग्याच्या सदरात बोटीवर राहणाऱ्यांची कथा कशासाठी, असे वाचकांना वाटेल. पण बोट हे असे घर आहे की जिथून दवाखाना आठ-आठ दिवसांच्या अंतरावर असतो. औषधाचे दुकान नाही, नळ नाही, भाजीबाजार नाही. अशा घरात माणसे महिनोन्महिने निरोगी राहतात ती कशाच्या बळावर, हे गावापासून दूर आखाड्यावर राहणाऱ्या कुटुंबालाही समजून घेण्यासारखे आहे.

शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ रोजी त्यांनी मुंबई सोडली आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये ते परतले. त्यांची ५६ फुटी ‘म्हादेई’ गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली. या मोहिमेमागे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची कल्पना होती. पुढे २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या बोटीतून २५४ दिवसांत प्रदक्षिणा पुरी केली. आपल्या एखाद्या लहान घराएवढ्या जागेत सहा जणींचा संसार!

पाणी मोजून वापरा, झाकून ठेवा

चहूकडे पाणी असूनही बोटीवर पहिली चिंता असते ती पिण्याच्या पाण्याची. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. एवढे मीठ शरीराबाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना प्यायलेल्या पाण्यापेक्षाही जास्त पाणी लागते. म्हणून समुद्राचे पाणी पिणारा अधिकच कोरडा पडतो. इंग्रज दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पहिली प्रदक्षिणा केली. त्यांची सागवानी ‘सुहैली’ मुंबईतच बांधलेली होती. वाटेत त्यांच्या टाक्यांतील पाणी खराब झाले आणि त्यांना पावसाचे पाणी धरून दिवस काढावे लागले.

पाणी मोजणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण पाहिलेच आहे. पण टंचाईत आपण पाणी साठवतो आणि साठवलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष करतो. बोटीवर सगळे पाणी एकाच टाकीत ठेवत नाहीत. एक टाकी बिघडली तर दुसरी हवी. घरीही पिण्याचे भांडे वेगळे, झाकलेले आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याचे असावे. मेडिक्लोर बाटलीवरील सूचनेप्रमाणे घालावे. वापराच्या पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करावीत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. आणि पाणी कमी आहे म्हणून पिणे कमी करू नये. वैशाखाच्या उन्हात काम करणाऱ्याला मुतखडा आणि उष्माघात यांचा धोका त्यामुळेच वाढतो.

लिंबू आणि मोडाचे मूग

जुन्या काळी लढाईत मेले नसतील इतके खलाशी स्कर्व्ही या रोगाने मेले. हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात आणि माणूस खचत जातो. वास्को द गामा १४९८ मध्ये भारतातून परत निघाला, तेव्हा अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले आणि सुमारे ३० खलाशी दगावले. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टराने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या दोघांना संत्री व लिंबू मिळाले, ते आठवड्याच्या आत सुधारले. तरी इंग्रज आरमारात लिंबाचा रस सर्रास सुरू व्हायला १७९५ साल उजाडले. कारण होते ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव.

आज लांबच्या प्रवासाला निघालेली माणसे बोटीवर एक सोपी युक्ती करतात. कडधान्य भिजवून त्याला मोड आणतात. कोरड्या मुगात ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते, मोड आले की ते तयार होते. आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केले. उन्हाळ्यात भाजी महाग झाली की मोडाच्या मुगाची उसळ करावी. मात्र फार शिजवू नये आणि लिंबू खाली उतरवल्यावर पिळावे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. पेरू आणि आवळा तर या बाबतीत लिंबाच्याही पुढे आहेत.

अर्धापूरकरांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट. पाश्चात्त्य दर्यावर्दींमध्ये बोटीवर केळी नेणे अपशकुनी मानतात! अपशकुन सोडून द्या, पण पिकत्या केळीतून निघणाऱ्या वायूने शेजारची फळेही लवकर पिकतात, हे आपल्या केळी-बागायतदारांना ठाऊकच आहे. घरातही केळी इतर फळांपासून वेगळी ठेवावीत, फळे जास्त दिवस टिकतात.

रोजची देखभाल

बोटीवर राहणाऱ्याचा निम्मा दिवस दुरुस्तीत जातो. दोर तपासणे, शीड शिवणे, तळाशी साचलेले पाणी उपसणे, गंज खरवडणे. ‘सुहैली’च्या तळाच्या फटीतून पाणी येऊ लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर समुद्रात बुडी मारून ती फट कापूस आणि तांब्याच्या पट्टीने बुजवली. ‘तारिणी’लाही परतीच्या वाटेवर सुकाणूच्या बिघाडामुळे मॉरिशसला थांबावे लागले. आपल्या कोकणातले नाखवेही हेच जाणतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून घासतात, रंगवतात, जाळी विणतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करतात. बोट बुडायला लागल्यावर दुरुस्ती करायची नसते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

शरीराच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलटे करतो. दात दुखेपर्यंत दंतवैद्य आठवत नाही. मधुमेहाच्या रुग्णाने रोज रात्री पायाचे तळवे आणि बोटांमधली जागा पाहावी. पायाला बधिरपणा असेल तर काटा रुतलेला कळत नाही, आणि त्या लहान जखमेतूनच पाय गमावण्याची वेळ येते. तिशी ओलांडल्यावर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. रक्तदाबाची गोळी ‘बरे वाटते’ म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये.

बोटीवरचे लोक गॅसलाही फार जपतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळाला तर बोटीच्या तळाशी साचतो. म्हणून स्वयंपाक झाला की सिलिंडरची चावी बंद करतात. घरी वास आला तर दारे-खिडक्या उघडा, विजेचे बटण दाबू नका, काडी ओढू नका. तसेच बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे किंवा बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर चालवणे जिवावर बेतू शकते. त्यातून तयार होणाऱ्या विषारी वायूला ना रंग ना वास.

शेजार हेही औषधच

मोठ्या बंदरांत शिडाच्या बोटींसाठी वेगळी जागा असते, तिला मरीना म्हणतात. ही बोटींची एक वस्तीच. वीज व पाण्याची जोडणी, सामायिक न्हाणीघरे आणि शेजारी-शेजारी बांधलेल्या बोटी. नवी बोट आली की शेजारचा उठून तिचा दोर धरतो. पाना-पक्कड उसनी दिली जाते, वादळ आले तर गावाला गेलेल्या माणसाच्या बोटीचे दोर शेजारी आवळतात. संध्याकाळी डेकवर चहा-गप्पा होतात. अनेक ठिकाणी सकाळी ठरलेल्या वेळी रेडिओवर हजेरी होते. प्रत्येक बोट आपण कुठे आहोत आणि ठीक आहोत ना, ते सांगते. एखाद्याचे उत्तर आले नाही, तर चौकशी सुरू होते.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात नौदलाचे अभिलाष टॉमी यांच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसला. त्यांना हलताही येईना. उपग्रहामार्फत त्यांचा संदेश पोहोचला. त्याच शर्यतीतला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन स्वतःची डोलकाठी मोडली असतानाही त्यांच्याकडे निघाला. तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने टॉमींना वाचवले. २०२३ मध्ये त्याच शर्यतीत ते दुसरे आले.

आता आपल्याकडे पाहा. मुले पुण्या-मुंबईला, घरात एकटी आई किंवा एकटे वडील, अशी घरे गावोगाव वाढली आहेत. रात्री न्हाणीघरात पाय घसरून पडले तर सकाळपर्यंत कोणाला कळत नाही. अशा घरासाठी रोज सकाळी ठरलेल्या वेळी हजेरी ठेवा. मुलाने फोन करावा, नाही उचलला तर शेजाऱ्याने दार वाजवावे. शेजाऱ्याकडे जादा किल्ली असावी. औषधांची यादी आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. आखाड्यावर राहणाऱ्यांनी पट्टी, जंतुनाशक, जलसंजीवनीची पाकिटे आणि बॅटरी हाताशी ठेवावी. साप चावला तर घट्ट आवळून बांधणे, चिरणे किंवा मंत्र-तंत्र यांत वेळ न दवडता चावलेला अवयव न हलवता रुग्णाला सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे.

डॉक्टर लांब असले की माणूस आपोआप सावध राहतो. डॉक्टर जवळ असतानाही तशीच सावधगिरी ठेवली, तर त्यांच्याकडे जाण्याची वेळ कमी येईल. आजच सुरुवात करायची तर पाण्याच्या भांड्यावर झाकण आहे का ते पाहा, आणि शेजारच्या एकट्या आजींना एकदा हाक मारा.