न दिसणारं दुखणं : जबड्याच्या सांध्याची ओळख

मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं-बोललं जातं. आम्ही मात्र यावेळी एका अशा दुखण्याबद्दल लिहायचं ठरवलं, ज्याला मराठीत धड नावही नाही. 'दातखीळ बसली' म्हणावं तर तसं नाही, 'दाढ दुखते' म्हणावं तर दाढ ठणठणीत. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. आमच्यापैकी एकीच्या जबड्याचा सांधा गेली सात वर्षं दुखतो. या काळात जे वाचलं, विचारलं आणि करून पाहिलं, ते आपल्या मंडळींच्या उपयोगी पडेल असं वाटलं म्हणून हा लेख. आम्ही डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

सांधा आहे तरी कुठे?

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलतं, तोच हा सांधा. इथे याला टीएमजे म्हणतात आणि त्याच्या विकारांना टीएमडी. गुडघा नुसता दुमडतो. हा सांधा मात्र आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग पुढे सरकतो. शिवाय डावा-उजवा दोन्ही सांधे एकाच हाडाला जोडलेले, त्यामुळे एकाने काम चुकवलं की दुसऱ्यावर भार. मधे कूर्चेची एक छोटी चकती असते. ती जागेवरून सरकून परत बसली की 'कट्' असा आवाज येतो. नुसता आवाज येतो, दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतं, तर सहसा काहीच करावं लागत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमधे मावली, तर तोंड साधारण ठीक उघडतंय असं समजायचं.

गोंधळ होतो तो दुखण्याच्या जागेवरून. चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस दात, जबडा, कानशील, कानाचा भाग सगळीकडे फिरते. त्यामुळे मूळ जबड्याच्या स्नायूत, आणि माणूस धावतो कानाच्या डॉक्टरकडे. कान स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ, एमआरआय जवळजवळ स्वच्छ! मग घरचे म्हणतात, "टेन्शन घेतेस तू." भारतातून फोनवर सल्ला येतो, "लवंग धर दाताखाली." सगळ्यांचा हेतू चांगला, पण दुखणाऱ्याला वाटतं, आपल्यावर कुणाचा विश्वासच नाही.

आणि ही मंडळी थोडीथोडकी नाहीत. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी 2020 साली या विषयावर मोठा अहवाल काढला. 2018 मधे इथल्या सुमारे 4.8 टक्के प्रौढांना, म्हणजे एक कोटीहून जास्त लोकांना, या भागात वेदना होती असा त्यातला अंदाज आहे. त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त. आपल्या मंडळाच्या गणपतीला भरलेला हॉल डोळ्यांपुढे आणा. त्यातही काही जण असणारच, मोदक निवडून चकली बाजूला सारणारे.

दातांचा दोष की आणखी काही?

सेंट लुईसचे डॉ. जेम्स कॉस्टेन यांनी 1934 साली हा विकार दातांच्या ठेवणीशी जोडला. पुढे कित्येक दशकं 'चावा बदला, दुखणं जाईल' हाच मंत्र चालला. दात घासा, कॅप बसवा, ब्रेसेस लावा. पण नंतर एनआयएचच्या मदतीने झालेल्या 'ओपेरा' नावाच्या मोठ्या अभ्यासात वेगळं चित्र दिसलं. झोप चांगली नसणं, शरीरात इतरत्रही दुखणं, ताण, जबड्याला झालेली इजा, अशा अनेक गोष्टींचा यात वाटा असतो. म्हणजे एकच 'बग' शोधून तो काढला की सिस्टिम सुरळीत, असं हे प्रकरण नाही.

घाईने केलेल्या उपायाची किंमत काय असते, याचं सर्वात दुःखद उदाहरण इथलंच आहे. ह्यूस्टनच्या व्हायटेक कंपनीने 1980 च्या दशकात प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे कृत्रिम भाग बनवले आणि हजारो रुग्णांच्या जबड्यात ते बसवले गेले. चावण्याच्या दाबाने त्या टेफ्लॉनचे तुकडे होऊ लागले. शरीराने त्या कणांविरुद्ध लढा पुकारला आणि त्यात जबड्याचं, काहींचं तर कवटीच्या तळाचं हाड झिजलं. 1990-91 मधे एफडीएने धोक्याची सूचना दिली आणि ते भाग परत मागवले. तोवर कंपनीने दिवाळं काढलं होतं. साध्या दुखण्यासाठी गेलेल्या कित्येकींच्या नशिबी एकामागून एक ऑपरेशनं आली.

यातून जे चांगलं झालं, ते रुग्णांनीच केलं. टेरी काउली आणि रेने ग्लास या दोघींनी 1986 मधे मिलवॉकीत टीएमजे असोसिएशन सुरू केली. 1992 मधे अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे या कृत्रिम भागांची सुनावणी झाली. 2020 च्या अहवालामागेही या संस्थेचा पाठपुरावा होता. चार माणसं एकत्र आली, वर्गणी जमली, पत्रं लिहिली, की काय होऊ शकतं, हे मंडळात काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मग करायचं काय?

आम्ही इंजिनिअर लोक प्रॉडक्शनवर काही टाकताना एक प्रश्न विचारतो: हे परत मागे घेता येईल का? जबड्याच्या बाबतीत हाच प्रश्न प्रत्येक उपायाला विचारावा. हा या लेखाचा सारांश समजा.

डिसेंबर 2023 मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने जुनाट टीएमडीसाठी मार्गदर्शन दिलं. त्यात सर्वात वर आहेत ते साधे उपाय: फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि मानेचे व्यायाम, हाताने स्नायू मोकळे करणं, आणि वेदनेशी जुळवून घ्यायला शिकवणारी सीबीटी ही मानसोपचार पद्धत. सीबीटी सुचवली म्हणजे 'दुखणं मनाचं आहे' असा अर्थ नव्हे. चकती काढण्याचं ऑपरेशन आणि चावा कायमचा बदलणारे स्प्लिंट यांना त्यांनी स्पष्ट विरोध केला आहे. साधा काढता-घालता येणारा स्प्लिंटही या वेदनेसाठी त्यांनी पुढे केलेला नाही. दात झिजू नयेत म्हणून रात्री घालायचा गार्ड ही वेगळी गोष्ट.

घरी करण्यासारखं सांगायचं तर, 'न' म्हणताना जीभ टाळूला जिथे टेकते, तिथे ती ठेवा. ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून सुटे. ही जबड्याची आरामाची जागा. आपल्याला कोडिंग करताना, ट्रॅफिकमधे, मीटिंगमधे दातओठ आवळून बसायची सवय असते. आम्ही मॉनिटरवर 'दात सुटे' अशी चिठ्ठी लावली आहे. सर्वात जास्त फरक त्या फुकटच्या चिठ्ठीने पडला, असं आमचं मत! दुखणं वाढलं की काही दिवस मऊ भात, पिठलं, खिचडी, शिरा. चिक्की, सुपारी, च्युइंग गम, कणीस बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. ओल्या फडक्याचा शेक. दुखणं गेलं नाही, पण आता ते घर चालवत नाही, आम्ही चालवतो.

भारतात दातांची कामं स्वस्त होतात म्हणून आपण तीन आठवड्यांच्या सुट्टीत ती उरकतो. दात भरणं वगैरे ठीक. पण जबडा दुखतो म्हणून सगळ्या दातांना कॅप घालणं सुट्टीत उरकू नका. दुसरं मत घ्या. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या व्यवस्थेत 2020 पासून 'ओरोफेशियल पेन' ही स्वतंत्र शाखा मानली जाते. काही विद्यापीठांच्या डेंटल स्कूलमधे तिची क्लिनिक्स आहेत.

इन्शुरन्सचं रामायण वेगळंच. मेडिकलवाले म्हणतात हे दातांचं, डेंटलवाले म्हणतात हे सांध्याचं. आमची फाइल दोघांमधे चार महिने फिरत होती. मिनेसोटाने 1987 मधे कायदा करून हा खर्च विम्यात आणला, आणखीही काही राज्यांत असे कायदे आहेत. पण मोठ्या कंपन्या बहुधा आपल्या पैशातून प्लॅन चालवतात आणि त्यांना राज्याचा हा नियम लागू होत नाही. म्हणून एचआरला आधी विचारा, 'प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का?' नकार आला तर लेखी मागा आणि अपील करा.

एक सावधगिरी. सगळंच दुखणं टीएमडी नसतं. श्रमाने जबडा दुखतो, सोबत छातीत दडपण किंवा घाम, तर थेट 911. पन्नाशीनंतर चावताना जबडा भरून येतो, नवीन डोकेदुखी आहे, नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांचं किंवा काकांचं तोंड हळूहळू कमी उघडू लागलं, तिखट झोंबतं, सुपारी-गुटख्याची सवय आहे, तर तपासणी अजिबात लांबवू नका. तो आजार वेगळा, आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो.

शेवटी एवढंच. या दुखण्याला ना प्लास्टर, ना टाके. समोरच्याने 'दुखतंय' म्हटलं की ते खरं मानायचं, एवढाच पुरावा असतो. पुढच्या पॉटलकला कुणी भाकरी नको म्हणून भात मागितला, तर "डाएट का?" असं विचारू नका. भात वाढा, वर तूप घाला, आणि बोलावंसं वाटलं तर ऐकून घ्या. मदतीची सुरुवात तिथूनच होते.