गळाची मासोळी : रंग डब्यात नाही, पाण्यात आहे

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडला पोटापाण्यासाठी गेलेली आपली माणसे पोराबाळांसह जुन्नर-आंबेगावला गावी येतात. मग दुपार कलली की पोरांची टोळी तंगुसाचा दोरा, दोन-चार गळ आणि एखादा जुना डबा घेऊन धरणाच्या काठाला लागते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाचही धरणे आपल्या या दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्या काठावर गळ टाकून बसणे हा गरिबाचा विरंगुळा आहे आणि साधले तर रात्रीचे कालवणही आहे.

गांडूळ किंवा कणकेची गोळी गळाला कशी लावायची हे पोरांना सांगावे लागत नाही. पण मरळ, शिवडा, शिंगटा असा मोठा, शिकारी मासा हवा असेल तर जाणते लोक जिवंत मासोळी लावतात. ती कशी निवडायची, कशी जगवायची आणि तिला रंग लावून काही फायदा होतो का, याविषयी आम्ही आज लिहीत आहोत. रंगाच्या नादात विषारी पदार्थ आपल्या ताटापर्यंत येऊ शकतो, म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मासोळी कोणती घ्यावी?

गळासाठी बोटाएवढी मासोळी पुरते. अळकूट, खवली, मुरी अशी तिची नावे आहेत. ती गावागणिक बदलतातही. अळकूट चपटी, चांदीसारखी चकाकणारी असते आणि पाण्याच्या वरच्या थरात पळते. मुरी तळाला, वाळूत आणि दगडांच्या आड राहते. म्हणून वर शिकार करणाऱ्या माशाला अळकुटासारखी आणि तळाशी फिरणाऱ्याला मुरीसारखी मासोळी लावणे शहाणपणाचे. शिकारी मासा जिथे जे खातो तिथे तेच त्याला दिसले पाहिजे.

या नावांची एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने अनेक माशांची शास्त्रीय नावे इथल्या बोलीतूनच उचलली. अळकूट, नुकता, कोळस हे शब्द थोड्याफार फरकाने जगभरच्या शास्त्रग्रंथांत गेले. त्या ग्रंथांवर नाव साहेबाचे आहे, पण मासे ओळखून त्यांना नावे देणारे आपल्या नद्यांकाठचे, शाळेचे तोंड न पाहिलेले लोक होते.

मासोळी निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. ती सरळ पोहते की एका कुशीवर कलते? खवले शाबूत आहेत की गळालेले? अंगावर कापसासारखे पांढरे ठिपके आहेत का? आणि ती वर येऊन तोंड उघडून धापा टाकते का? कलणारी, सोललेली, ठिपक्यांची किंवा धापा टाकणारी मासोळी गळावर टिकत नाही. तळहाताचा पडदा धरून सावली केली की जी सुर्रकन पळते, ती कामाची.

पावसाळ्याच्या पहिल्या पुराला चढणीचे मासे वर येतात, त्यांच्या पोटात गाभोळी असते. त्यानंतर काठाला जी बारीक पिल्ले दिसतात त्यांत रोहू, कटला यांसारख्या मोठ्या माशांचीही पिल्ले असतात. ती गळाला लावणे म्हणजे उद्याचे पाच किलो आज बोटाएवढ्यात संपवणे. त्या दिवसांत बारीक मासा धरूच नये.

जगवावी कशी?

पुष्कळांची मासोळी गळापर्यंत पोहोचण्याआधीच डब्यात मरते. त्याची कारणे साधी आहेत. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते, ते माशाच्या कल्ल्यांना जाळते. म्हणून मासोळी जिथे धरली तिथलेच पाणी डब्यात घ्यावे. नळाचे घ्यायचेच झाले तर उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून मग वापरावे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून डबा सावलीत ठेवावा आणि त्यावर ओले फडके टाकावे. दाटी करू नये. थोड्या-थोड्या वेळाने थोडे पाणी काढून ताजे घालावे. सगळे एकदम बदलले तर मासोळीला धक्का बसतो.

मासोळी कोरड्या हाताने धरू नये. तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे तिचे कवच आहे. कोरड्या हाताने ते निघते आणि रोग शिरतो. हात आधी ओला करावा. गळ ओठांतून किंवा पाठीवरच्या पराच्या किंचित खालून घालावा, कण्याला लागू देऊ नये. कण्याला लागला की मासोळी लुळी पडते आणि लुळ्या मासोळीकडे शिकारी मासा सहसा फिरकत नाही.

आता रंगाचे

अमेरिकेत क्रॅपी नावाचा एक मासा लोक हौसेने धरतात. त्यासाठी मिनो म्हणजे चिमुकल्या मासोळ्या दुकानात जिवंत विकत मिळतात. काही हौशी त्यांना पिवळ्या-हिरव्या किंवा गुलाबी रंगाच्या पाण्यात बुडवून रंगवतात. तिथे मुळातच केशरट अंगाची मिनोची एक जात पैदास करूनही विकतात. आपल्याकडे मासोळी रंगवण्याची चाल नाही. फार तर कणकेच्या गोळीत कोणी चिमूटभर हळद घालतो. पण दुसऱ्याचे पाहून रंगाच्या पुड्या डब्यात ओतण्याचा मोह पोरांना होऊ शकतो, म्हणून आधीच सांगितलेले बरे.

रंगाचा उपयोग किती, हे पाण्यावर ठरते. सूर्याचा उजेड पाण्यात उतरताना त्यातला तांबडा भाग सर्वांत आधी विरतो. स्वच्छ पाण्यातसुद्धा काही मीटर खाली गेले की लाल वस्तू काळपट दिसते. म्हणजे काठावर झगमगणारा लाल रंग खोल पाण्यात माशाच्या डोळ्याला लालच राहत नाही. शेवाळी पाण्यात हिरवट-पिवळा त्यातल्या त्यात बरा दिसतो. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात तर कोणताच रंग लांबून दिसत नाही. शिवडा, शिंगटा हे मिशांचे मासे वासाने आणि मिशांच्या स्पर्शाने शिकार शोधतात, त्यांना रंगाचे फारसे काय? जिवंत मासोळी वळते तेव्हा तिच्या कुशीवरून चांदीची एक चमक उठते आणि तिच्या धडपडीने पाणी हलते. शिकारी मासा त्या चमकेवर आणि हालचालीवर झडप घालतो.

मासोळीचा रंग थोडा गडद किंवा फिका करण्याचा एक बिनखर्ची उपाय निसर्गानेच दिला आहे. अनेक माशांच्या कातडीत काळ्या रंगाच्या सूक्ष्म पेशी असतात. भोवताल काळा असेल तर त्यांतला रंग पसरतो आणि मासा गडद दिसतो. भोवताल पांढरा असेल तर रंग आकसतो आणि मासा फिका पडतो. पांढऱ्या बादलीत ठेवलेली मासोळी काही वेळाने फिकी पडते, काळ्या डब्यात ठेवलेली आपला गडदपणा राखते. निवळ पाण्यात अंगचा गडदपणा राखलेली मासोळी हवी असेल तर काळा डबा घ्यावा. रंगाला पैसा लागत नाही आणि मासोळीलाही इजा होत नाही.

पुडीतला रंग आणि ताटातला मासा

रंगपंचमीचा उरलेला रंग, कापड रंगवायची पूड, गुरांच्या शिंगांना लावायचा रंग हे मासोळीच्या पाण्यात कदापि टाकू नयेत. हे रंग खाण्यासाठी केलेले नसतात. ज्याने मासोळी गिळली तो मासा संध्याकाळी आपल्या लेकराच्या ताटात येतो. मेटॅनिल यलो हा पिवळा रंग हळदीत आणि मिठाईत भेसळीसाठी वापरला जातो, पण आपल्या देशात तो अन्नात घालायला मनाई आहे. मॅलेकाइट ग्रीन हा कापड आणि कातडे रंगवण्याचा हिरवा रंग माशांवरच्या बुरशीला मारतो खरा, पण तो माशाच्या मांसात साठतो. म्हणून अनेक देशांनी खाण्याच्या माशांसाठी तो बंद केला आहे. दुकानदार 'औषध आहे' म्हणाला म्हणून ते घेऊ नये.

आपल्याच नद्यांतल्या काचेसारख्या पारदर्शक मासोळीला शोभेच्या पेट्यांसाठी सुईने रंग टोचण्याचा धंदा जगात चालत आला आहे. तो रंग काही महिन्यांत उडतो आणि टोचण्याच्या जखमांतून रोग शिरतो. विकणाऱ्याचे पैसे होतात, जीव मात्र मासोळीचा जातो.

पंचशील घेतलेल्या घरात आणखी एक प्रश्न निघेल : जिवंत जीव गळाला टोचावा का? आम्ही कुणाच्या घरी निकाल द्यायला जाणार नाही. पण ज्यांचे मन धजत नाही त्यांनी कणकेची गोळी लावावी, रोहू-कटला तिलाही लागतात. आणि जे मासोळी लावतात त्यांनी गरजेपुरतीच धरावी, डबा भरून मारू नये.

पाणी कुणाचे?

उरलेली मासोळी दुसऱ्या धरणात किंवा ओढ्यात सोडू नये. जिथली तिथेच सोडावी. चिलापी हा परका मासा असाच पसरत गेला आणि देशी माशांची जागा खात गेला. थाई मांगूर तर इतका खादाड की त्याच्या पालनाला देशात बंदी आहे. डब्यातून नेलेल्या चार पिल्लांनी एक अख्खा जलाशय बिघडू शकतो.

शेवटची गोष्ट हक्काची. धरणांतल्या मासेमारीचे ठेके मच्छिमार सहकारी संस्थांना दिले जातात. डिंभे धरणात मूळ आंबेगाव गावच बुडाले, कित्येक आदिवासींची शेती गेली. त्या धरणग्रस्तांनी 'शाश्वत' संस्थेच्या साथीने स्वतःची मच्छिमार सहकारी संस्था उभी केली आणि बुडालेल्या जमिनीवरच्या पाण्यात मासेमारीचा हक्क मिळवला. 'शाश्वत'ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या घराघरांत सांगितला जातो, त्या आपल्याला पाण्यावरच्या हक्काची किंमत वेगळी सांगायला नको. तेव्हा गळ टाकण्याआधी तिथल्या संस्थेच्या माणसाला विचारावे, त्यांच्या जाळ्याला आणि पिंजऱ्याला हात लावू नये.

पोरांना एकटे धरणावर सोडू नका. पाणी उतरले की काठचा गाळ वरून कोरडा दिसतो आणि पाय आत रुततो. बरोबर एक जाणता माणूस, एक काळा डबा, धरणाचेच पाणी आणि ओला हात एवढे असले म्हणजे झाले. रंगाच्या पुडीचे पैसे वाचतील, त्यात लेकराला एक वही येईल.