प्राणी बदलला की औषध बदलते: पशुवैद्यकीय साहाय्यकांसाठी आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुबईतल्या जबल अलीची ओळख बंदरामुळे. 1979 मध्ये बंदर सुरू झाले, 1985 मध्ये त्याला लागून मुक्त व्यापार क्षेत्र आले, मग कामगारांच्या आणि नोकरदारांच्या वसाहती वाढल्या आणि त्यांच्याबरोबर घरोघरी मांजरे-कुत्री आली. दुबईत घोड्यांच्या शर्यतीही होतात. जरा आत वाळवंटाकडे गेले की उंटांचे कळप दिसतात, आणि शिकारी ससाणे पाळणे ही तर इथल्या लोकांची जुनी हौस. उदगीर, परभणी किंवा शिरवळच्या बाजूला पशुसंवर्धनाचे धडे गिरवलेल्या मुलाचा हात गाय, म्हैस आणि शेळीवर बसलेला असतो. तो इथल्या दवाखान्यात साहाय्यक म्हणून उभा राहिला, की औषधांची नावे ओळखीची निघतात आणि रुग्ण मात्र अनोळखी. चुका इथेच होतात.

औषधशास्त्राचा पाया चार शब्दांत मावतो: शोषण, वितरण, चयापचय, उत्सर्जन. बंदरात माल उतरतो, ट्रकने ठिकठिकाणी जातो, खोकी फोडली जातात आणि रिकामा कंटेनर बाहेर पडतो, तसा औषधाचा शरीरातला प्रवास असतो. या चारपैकी एखादा टप्पा एका प्राण्यात वेगळा चालला, तर तेच औषध त्या प्राण्यापुरते वेगळे औषध ठरते. पुढचे बहुतेक गैरसमज हे विसरल्यामुळेच होतात.

गैरसमज 1: माणसाला चालते ते औषध मांजराला पाव गोळी दिले तर चालेल.

वस्तुस्थिती: पॅरासिटामॉल मांजराला अजिबात द्यायचे नाही. भारतात घरोघरी क्रोसिन असते, आखातात पॅनाडॉल. आत औषध तेच. माणसाचे यकृत पॅरासिटामॉलला ग्लुकुरोनिक आम्लाची जोड देऊन ते निरुपद्रवी करते. मांजराच्या यकृतात ही जोड देण्याची क्षमता फारच तोकडी असते. मग औषध दुसऱ्या वाटेने जाते आणि त्यातून विषारी घटक तयार होतो. तो रक्तातले हिमोग्लोबिन बिघडवतो, आणि बिघडलेल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेता येत नाही. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. हिशोब करून पाहा: 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग चार किलोच्या मांजराला दिला, तर किलोमागे 31 मिलिग्रॅम जातात. किलोमागे 10 मिलिग्रॅमलाही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. उतारा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन वापरतात, पण तो वेळेत मिळाला तरच उपयोगी पडतो. म्हणून मालकाने फोनवर सांगितलेले "जरासं पॅनाडॉल दिलंय" हे वाक्य तातडीचे समजून लगेच पशुवैद्याच्या कानावर घालावे.

गैरसमज 2: प्राणी मोठा, म्हणून डोसही मोठा.

वस्तुस्थिती: वजन हा हिशोबाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग म्हणजे त्या प्राण्याची संवेदनशीलता. गुंगी आणणारे झायलाझिन घ्या. घोड्याला शिरेतून किलोमागे साधारण 1.1 मिलिग्रॅम देतात, तर गाईला किलोमागे 0.1 मिलिग्रॅमच्या आसपास. साडेचारशे किलोच्या घोड्याला सुमारे 495 मिलिग्रॅम लागतात आणि तेवढ्याच वजनाच्या गाईला 45. घोड्याचा डोस गाईला गेला, तर गाय अकरापट औषधाखाली कोसळेल.

दुसरे उदाहरण पशुखाद्यातले. कोंबड्यांना होणारी रक्ती हगवण टाळण्यासाठी त्यांच्या खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन मिसळतात. मोनेन्सिनची निम्मे प्राणी दगावतील अशी मात्रा कोंबडीत किलोमागे 200 मिलिग्रॅमच्या घरात आहे, घोड्यात मात्र 2 ते 3 मिलिग्रॅम. उंटही या गटातल्या औषधांना फार नाजूक असतो आणि अमिरातीतल्या उंटांच्या कळपात सॅलिनोमायसिनची विषबाधा झाल्याची शास्त्रीय नोंद आहे. तबेल्यातल्या गोदामात कोंबडीखाद्याची पोती घोड्याच्या खाद्याशेजारी ठेवू नयेत ते यासाठीच. उंटांना होणाऱ्या सर्रा रोगातही हाच धडा मिळतो. गाई-म्हशींत सर्रास वापरले जाणारे डायमिनाझिन उंटात उपयुक्त आणि घातक मात्रांमध्ये फारच थोडे अंतर ठेवते. उंटासाठी त्यामुळे मेलार्सोमिनसारखी वेगळी औषधे वापरली जातात.

गैरसमज 3: बाटलीवरचे नाव तेच असेल, तर मिलीलिटरही तेवढेच.

वस्तुस्थिती: मिलिग्रॅम म्हणजे औषध आणि मिलीलिटर म्हणजे ते ज्यात विरघळले आहे तो द्रव. तोंडावाटे द्यायचे मेलॉक्सिकॅम कुत्र्यांसाठी एका मिलीलिटरमध्ये 1.5 मिलिग्रॅम या तीव्रतेचे मिळते, मांजरांसाठी 0.5 मिलिग्रॅमचे. पशुवैद्याने चार किलोच्या मांजराला किलोमागे 0.05 मिलिग्रॅम लिहून दिले, तर एकूण 0.2 मिलिग्रॅम होतात आणि मांजराच्या बाटलीतून 0.4 मिलीलिटर भरावे लागतात. चुकून तेवढेच कुत्र्याच्या बाटलीतून भरले, तर पोटात 0.6 मिलिग्रॅम जातात, म्हणजे तिप्पट. मूत्रपिंडे नाजूक असलेल्या प्राण्यात असा तिप्पट डोस भारी पडू शकतो. सूत्र पाठ असावे: वजन गुणिले किलोमागे मिलिग्रॅम, भागिले एका मिलीलिटरमधले मिलिग्रॅम. दशांश चिन्ह हीच इथली सगळ्यात धोक्याची खूण आहे. ".5" असे न लिहिता "0.5" लिहावे आणि "5.0" न लिहिता "5". पुसट टिंब नजरेतून सुटले की डोस दहापट होतो.

गैरसमज 4: गोळीपेक्षा सुई जोरदार.

वस्तुस्थिती: गावात अजूनही "सुई मारली की जनावर उठतं" असे म्हणतात आणि तोच विश्वास इथेही पोहोचला आहे. औषध कोणत्या वाटेने द्यायचे हे औषधाच्या गुणधर्मावर ठरते. जेंटामायसिन आतड्यातून जवळजवळ शोषलेच जात नाही, त्यामुळे अंगभर पसरलेल्या संसर्गासाठी ते तोंडावाटे देऊन उपयोग नाही. मेलॉक्सिकॅम मात्र तोंडावाटे चांगले शोषले जाते, मग सुईचा आग्रह कशासाठी?

चुकलेली वाट थेट इजा करते. घोड्यांचे फेनिलब्युटाझोन इंजेक्शन फक्त शिरेतच द्यायचे. ते शिरेबाहेर सांडले किंवा स्नायूत गेले, तर तिथले मांस मरते आणि कातडी गळून पडते. प्रोकेन पेनिसिलिनचे याच्या अगदी उलट: ते स्नायूत द्यायचे, शिरेत कधीच नाही. पोटातले जंतूही ध्यानात ठेवावेत. लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन घोड्याला तोंडावाटे दिल्यास आतड्याचा जीवघेणा दाह होऊ शकतो, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांत तोंडावाटे दिलेली प्रतिजैविके कोठीपोटातल्या उपयुक्त जंतूंचा तोल बिघडवतात.

गैरसमज 5: कुत्रा म्हणजे कुत्रा, एकाला चालले ते सगळ्यांना चालते.

वस्तुस्थिती: कोली आणि त्यासारख्या मेंढपाळी जातींतल्या अनेक कुत्र्यांत एमडीआर-1 या जनुकात दोष असतो. रक्तातून मेंदूकडे जाणारी काही औषधे परत ढकलणारा पंप त्यांच्यात चालत नाही. किलोमागे 6 मायक्रोग्रॅम आयव्हरमेक्टिन, म्हणजे हृदयकृमी टाळण्याची मासिक मात्रा, ते सहन करतात. गाई-घोड्यांना दिली जाणारी 200 मायक्रोग्रॅमची मात्रा त्यांना बेशुद्ध करू शकते किंवा त्यांचा जीव घेऊ शकते. तबेल्यात घोड्याची जंतपेस्ट चाटलेल्या कोलीबाबत हा प्रश्न लगेच उभा राहतो. मांजराच्या बाबतीत नाव लक्षात ठेवावे ते परमेथ्रिनचे. गोचिड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर सोडायचे हे औषध मांजराच्या अंगावर गेले, तर कंप आणि झटके येतात.

गैरसमज 6: लक्षणे गेली, म्हणजे औषधही शरीरातून गेले.

वस्तुस्थिती: औषधाचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला लागणाऱ्या वेळेला अर्धायुकाल म्हणतात. पाच अर्धायुकाल उलटले, की सुमारे 97 टक्के औषध बाहेर पडलेले असते, पण उरलेल्या तीन टक्क्यांचीही दखल घेतली जाते. घोड्यात फेनिलब्युटाझोनचा अर्धायुकाल पाच-सहा तासांच्या घरात असतो, म्हणजे दीड दिवसात काम संपल्यासारखे वाटते. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या यादीत मात्र त्याचा शोधकाळ, म्हणजे चाचणीत औषध सापडू शकते तो काळ, 168 तास आहे, पूर्ण आठवडा. त्यातही शोधकाळ म्हणजे घोड्याला स्पर्धेत उतरवण्याची परवानगी नव्हे; त्यावर सुरक्षेसाठी किती दिवस वाढवायचे हे पशुवैद्य ठरवतो. दूध-मांस देणाऱ्या जनावरांसाठी याच कारणाने लेबलवर वर्ज्य काळ छापलेला असतो. शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि वेळ नोंदवहीत नसेल, तर तो काळ मोजायचा कुठून?

राहिलेले औषध काय करू शकते, हे भारतातल्या गिधाडांनी दाखवून दिले. जनावरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसात उरत होते. ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत होती, हे 2004 मध्ये सिद्ध झाले. भारताने 2006 मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, म्हणून 2015 मध्ये त्या इंजेक्शनला 3 मिलीलिटरची मर्यादा आली, आणि 2023 मध्ये किटोप्रोफेन व ॲसेक्लोफेनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांसाठी सुरक्षित ठरले. वेदनाशामकांचा गट एकच, पण पक्ष्यांवरचे परिणाम इतके वेगळे. एकाच गटातले म्हणून एक औषध दुसऱ्याच्या जागी देता येत नाही.

गैरसमज 7: घरगुती, नैसर्गिक औषधाने अपाय होत नाही.

वस्तुस्थिती: पिसवा जाव्यात म्हणून कुत्र्याला लसूण चारणारे मालक इथेही भेटतात. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. मांजरात किलोमागे 5 ग्रॅम कांदासुद्धा रक्तावर परिणाम करू शकतो. कुत्र्यात ही मात्रा 15 ते 30 ग्रॅम आहे. शिजवल्याने किंवा वाळवल्याने धोका टळत नाही. मनुका आणि द्राक्षांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. रुग्णाचा इतिहास विचारताना "औषध काय दिले" एवढे विचारून भागत नाही. "खायला काय दिले, अंगाला काय लावले" हेही विचारावे.

गैरसमज 8: मुदतीची तारीख उरली आहे, म्हणजे औषध चांगले आहे.

वस्तुस्थिती: डब्यावरची मुदत असते ती न उघडलेल्या आणि सांगितलेल्या तापमानात ठेवलेल्या औषधाची. जबल अलीत उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि बंद गाडीच्या आत त्याहून वर जातो. लसी 2 ते 8 अंशांत ठेवायच्या असतात. गरम झालेली लस बिघडते, तसेच बर्फाला टेकून गोठलेल्या काही लसीही निकामी होतात. उघडल्यानंतर बाटलीला वेगळी मुदत लागते. बऱ्याच बहुमात्रा बाटल्यांवर ती 28 दिवस छापलेली असते. म्हणून बाटलीला पहिल्यांदा सुई टोचली, की लेबलवर तारीख टाकावी. लसींच्या फ्रिजमध्ये तापमापक असावा आणि सकाळ-संध्याकाळ त्याची नोंद व्हावी. जेवणाचे डबे त्यात ठेवू नयेत. दार जितक्या वेळा उघडते तितके तापमान हलते.

औषध निवडणे आणि मात्रा लिहून देणे हे पशुवैद्याचे काम. भारतातल्या 1984 च्या पशुवैद्यक परिषद कायद्यातही पदविकाधारकाला किरकोळ सेवा देता येते, ती नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीच. साहाय्यकाने मात्र चिठ्ठी आणि बाटली यांच्यामध्ये जागरूक राहायचे आहे. प्राणी कोणता, वजन आज मोजले का, तीव्रता किती, वाट कोणती, आधीचा डोस कधी दिला: ही पाच उत्तरे कागदावर आल्याशिवाय सिरिंज भरू नये. एकाही उत्तराबद्दल शंका असेल, तर पशुवैद्याला पुन्हा विचारावे, तो कितीही घाईत असला तरी.