समुद्रातल्या खोलीत जाण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या दवाखान्यात नियमित येणाऱ्या, त्रेसष्ट वर्षांच्या एक सेवानिवृत्त शिक्षिका सहलीला निघण्यापूर्वी भेटायला आल्या. ‘‘डॉक्टर, आम्ही फुकेतला चाललो आहोत. मला बोट लागते. तेवढ्या गोळ्या लिहून द्या,’’ एवढेच त्यांचे मागणे होते. बाहेर रुग्णांची रांग होती. मी दोन मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या आणि प्रवासाला शुभेच्छा दिल्या. परतल्यावर त्या भिंतीचा आधार घेत आत आल्या. वेगवान मोटरबोटीत, समुद्र चांगला दिसावा म्हणून, त्यांनी अगदी पुढची जागा घेतली होती. एका लाटेवर बोट उचलली गेली आणि आदळली. क्ष-किरण चित्रात छाती आणि कंबर यांच्या जोडावरचा एक मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झालेला स्पष्ट दिसत होता. पुढचे तीन महिने त्यांनी पट्टा बांधून काढले. मला मात्र त्यांचे एक वाक्य अधिक लागले. त्या अगदी मनापासून म्हणाल्या, ‘‘गोळ्यांचा गुण आला हो, एकदाही उलटी झाली नाही.’’

कोणत्या बोटीने जाणार, कुठे बसणार, हाडांची तपासणी कधी केली होती, यांतले काहीही मी त्यांना विचारले नव्हते. यंदाच्या जानेवारीत पत्नी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई यांना घेऊन मी त्याच उपसागरात गेलो, तेव्हा ते न विचारलेले प्रश्न माझ्याबरोबर होते.

पाण्याने कोरलेली लेणी

थायलंडच्या दक्षिणेस, फुकेत बेट आणि मुख्य भूमी यांच्या मध्ये फांग-ङा नावाचा उथळ उपसागर आहे. १९८१ साली तो राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. या उद्यानाचा बहुतांश भाग पाण्याचाच आहे आणि त्या हिरवट पाण्यातून चुनखडीचे सुळके सरळ उभे राहिलेले दिसतात. १९७४ साली एका जेम्स बाँडपटात झळकलेला, तळाशी निमुळता आणि माथ्यावर रुंद असा को तापू हा सुळका इथलाच.

आपल्या सह्याद्रीतील लेणी माणसाने छिन्नीने कातळात कोरली. इथले कोरीवकाम पाण्याचे आहे. हा चुनखडक पंचवीस कोटी वर्षांहून जुना, समुद्रजीवांच्या कवचांचे थरावर थर साचून झालेला. पावसाचे पाणी हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडक हळूहळू विरघळवते. त्यातून डोंगरांच्या पोटात पोकळ्या झाल्या. काही पोकळ्यांची छते कोसळली. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली, दऱ्या बुडाल्या आणि डोंगरांची बेटे झाली. बेटाच्या पोटातील, वर आकाश उघडे असलेल्या या जलाशयांना थाई भाषेत ‘होंग’ म्हणतात. होंग म्हणजे खोली. या खोलीचे दार म्हणजे एखादी बुटकी, काळोखी गुहा. मोठी नौका तिथे जाऊ शकत नाही. हवा भरलेल्या, चपट्या तळाच्या कॅनूतूनच आत शिरावे लागते.

बोटीची निवड

आम्ही मोठ्या, संथ, दुमजली नौकेची सहल निवडली. तिला वेळ अधिक लागतो; पण चालता येते, सावली मिळते, शौचालय असते आणि पाठीला हादरे बसत नाहीत. वाचकांपैकी ज्यांना मोटरबोटीनेच जावे लागेल, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की लाटेवर आदळताना सर्वाधिक उसळतो तो बोटीचा पुढचा भाग. बसलेल्या माणसाच्या कण्यावर तो आघात खालून वर सरळ चढतो. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रिया, साठी ओलांडलेले पुरुष, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे आणि पाठीचे जुने दुखणे असलेले यांनी मागच्या बाजूलाच बसावे. गर्भवतींनी अशी बोट टाळावी. आदळल्यानंतर पाठीत तीव्र कळ उठली, तर ‘लचक भरली असेल’ म्हणून चोळत बसू नये. आडवे राहावे आणि किनाऱ्यावर पोहोचताच तपासणी करून घ्यावी.

बोट लागण्याविषयी थोडेसे. आपला अंतर्कर्ण ‘आपण हलतो आहोत’ असे सांगतो आणि बोटीच्या आत खिळलेली नजर ‘आपण स्थिर आहोत’ असे सांगते. या विसंवादातून मळमळ उद्भवते. म्हणून नौकेच्या मध्यभागी, मोकळ्या हवेत बसावे, दृष्टी क्षितिजावर ठेवावी, मोबाईलकडे पाहू नये. रिकाम्या पोटी निघू नये, तसेच तळलेले, मसालेदार खाऊनही निघू नये. गोळी प्रवासाच्या तासभर आधी घेतली तर उपयोग. उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा लाभ नाही. या गोळ्यांनी झोप येते. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असलेल्यांना त्यांतील काही वर्ज्य असतात. लहान मुलांना तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊच नयेत.

खांबांवरचे गाव

दुपारच्या जेवणासाठी आम्ही को पान्यी येथे उतरलो. प्रचंड कड्याच्या पायथ्याशी, उथळ समुद्रात खांब रोवून उभे राहिलेले हे मुस्लिम कोळ्यांचे गाव. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी जावाहून आलेल्या दर्यावर्दी कुटुंबांनी ते वसवले. घरे, शाळा, दुकाने, गल्ल्या, सारे पाण्यावर. सोनेरी घुमटाची मशीद तेवढी कड्याला बिलगून उभी. १९८६ साली दूरचित्रवाणीवर विश्वचषक पाहून इथल्या मुलांना फुटबॉल खेळायची ओढ लागली. पण जमीनच नव्हती. त्यांनी जुने तराफे आणि लाकडाचे तुकडे जोडून तरंगते मैदान बांधले आणि बाहेर आलेले खिळे चुकवत अनवाणी खेळ सुरू केला. मैदानी खेळाला जागा नाही म्हणून मुलांच्या हाती मोबाईल देणाऱ्या आपण पालकांनी ही कथा मुलांना अवश्य सांगावी.

गावात फिरताना खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असावेत. इथे मद्य चालत नाही. उन्हाच्या दृष्टीने पाहिले तर हा नियम आरोग्याच्याही हिताचाच. जेवणाबाबत एक सूचना. थाई स्वयंपाकात भाजीच्या पदार्थातही माशांपासून केलेले ‘नाम प्ला’ हे खारे द्रव बहुधा असते आणि आमटीच्या वाटणात कोळंबीचा लगदा. शाकाहारी व्यक्तींनी ‘जे’ हा थाई शब्द वापरून सांगावे. त्याचा अर्थ पूर्ण शाकाहार. कोळंबी किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते थाई भाषेत कागदावर लिहून घेतलेले बरे.

मधुमेहींसाठी या दिवसाचे वेळापत्रक कठीण असते. जेवण लांबते, वल्हवण्याचे श्रम होतात आणि घामाने शरीर सुकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना अशा वेळी साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. ग्लुकोज आणि बिस्किटे जलरोधक पिशवीत स्वतःजवळच ठेवावीत. मोठ्या नौकेवरच्या सामानात नव्हे. लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

गुहेच्या दाराशी

तिसऱ्या प्रहरी नौका बेटाच्या आडोशाला थांबली आणि कॅनू पाण्यात सोडण्यात आल्या. प्रत्येकीत दोन-तीन प्रवासी आणि वल्हवणारा एक वाटाड्या. आईने नौकेवरच थांबावे, असे मी आधीच ठरवून टाकले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षे, रक्तदाब, दोन्ही गुडघे झिजलेले. याहून अधिक विचाराची गरज मला वाटली नव्हती. मी तसे सांगितल्यावर प्रमुख वाटाड्याने वय विचारलेच नाही. मोडक्या इंग्रजीत त्याने एकच प्रश्न केला, ‘‘त्या पाठीवर सपाट झोपून पुन्हा उठू शकतात का?’’

प्रश्न अचूक होता. गुहेचे छत काही ठिकाणी इतके खाली येते की सर्वांना होडीत पूर्ण आडवे व्हावे लागते. तिथे वयापेक्षा हालचालीची क्षमता महत्त्वाची. आई माझ्याकडे न पाहताच डेकवर बसली, आडवी झाली, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठली. ‘‘रोज पहाटे असेच उठते मी,’’ ती म्हणाली. तीस वर्षे रुग्ण तपासणाऱ्या मुलाने तिला हे कधी करून दाखवायला सांगितले नव्हते. दोघांनी हात धरून तिला कॅनूत बसवले. तरंगजाकिटाची प्रत्येक चाप वाटाड्याने स्वतः ओढून पाहिली.

आत काळोख होता आणि वटवाघळांचा तीव्र दर्प. विजेरीच्या प्रकाशात छतावरची कालवे चाकूच्या पात्यांसारखी चमकत होती. ‘‘हात आत, कोपर आत,’’ वाटाड्या पुन्हा पुन्हा बजावत होता. ही सूचना शिष्टाचाराची नाही. कालवांनी झालेली जखम खोल असते आणि उष्ण समुद्राच्या पाण्यातील काही जिवाणू यकृताचे विकार किंवा मधुमेह असलेल्यांत गंभीर संसर्ग घडवतात. जखम लगेच स्वच्छ पाण्याने धुवावी. सूज किंवा लाली वाढू लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. दमेकऱ्यांनी फवारा खिशात ठेवावा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी वटवाघळांच्या गुहा टाळाव्यात, कारण त्यांच्या विष्ठेत वाढणारी बुरशी फुप्फुसाला बाधते. बंदिस्त जागेची भीती वाटणाऱ्यांनी गुहेच्या तोंडाशीच तसे सांगावे. मध्यावर वळायला जागा नसते.

मग एकाएकी उजेड झाला. चारही बाजूंनी उंच कडे, वर आकाशाचा तुकडा, खाली खारफुटीची उघडी मुळे आणि चिखलात उड्या मारणारे निवटे. कोकणात बालपण गेलेल्या आईने ते ताबडतोब ओळखले. कड्यावर माकडे होती. त्यांना खाऊ घालू नये. थायलंडमध्ये रेबीज आहे. माकडाने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी लस सुरू करावी लागते.

दुसऱ्या गुहेपाशी मात्र वाटाड्याने होड्या थांबवल्या. भरती ठरल्यापेक्षा चढली होती. आत जाता आले असते, पण छत आणि पाणी यांतील अंतर परतताना उरले नसते. या समुद्रात दिवसाकाठी दोनदा भरती-ओहोटी होते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ती जोर धरते, हे कोकणच्या माणसाला सांगायला नको. तरीही आमच्या गटातील काहीजण चिडले. पैसे पूर्ण भरले आहेत, असे एकाने ऐकवले. वाटाड्या हसला, नाही म्हणाला आणि होडी वळवली. रुग्णाच्या नातेवाइकांचा आग्रह मोडताना मलाही असेच उभे राहावे लागते; म्हणून मी त्याची बाजू घेतली. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ वादळात पर्यटकांची नौका बुडून ४७ जणांचा मृत्यू झाला होता. मे ते ऑक्टोबर हा इथला नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. सहल नोव्हेंबर ते एप्रिल या काळातच आखावी आणि कोणत्याही दिवशी ‘आज नाही’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी.

परतीचा दिवा

संध्याकाळी वाटाड्यांनी सर्वांना केळीच्या खांबाची चकती, पाने आणि फुले देऊन ‘क्राथोंग’ करायला शिकवले. थाई पंचांगाच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, बहुधा नोव्हेंबरात, लोक अशा तरंगत्या द्रोणात मेणबत्ती आणि उदबत्ती लावून तो पाण्यात सोडतात. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला नदीत दिवे सोडतात, त्याच सुमारास. आईचे बोट पाने दुमडताना जराही थरथरले नाही. अंधारलेल्या गुहेच्या तोंडाशी तिने दिवा सोडला. तो विझल्यावर वाटाड्याने द्रोण पुन्हा होडीत उचलून घेतला, समुद्रात कचरा नको म्हणून.

निघण्यापूर्वी चालू औषधांची यादी, सर्व आजार स्पष्ट नमूद केलेला प्रवास विमा आणि दोन दूरध्वनी क्रमांक जवळ असावेत: थायलंडमध्ये वैद्यकीय मदतीसाठी १६६९ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११५५.

आता कोणी बोट लागण्याच्या गोळ्या मागायला आले, की मी त्यांना बसवून घेतो. कोणती बोट, कुठली जागा, दिवसभराचे जेवण केव्हा, हे विचारतो. मग तपासणीच्या टेबलावर आडवे होऊन उठून दाखवायला सांगतो. रांग थोडी खोळंबते. त्या शिक्षिका मागच्या महिन्यात पुन्हा आल्या होत्या. यंदा बॅकवॉटर पाहायला केरळला जायचे म्हणत होत्या. त्यांच्या हाडांच्या घनतेचा अहवाल आम्ही दोघांनी मिळून वाचला, आणि मग संथ चालणारी हाऊसबोट निवडली.