अंगात जीव नाही, पण रिपोर्ट नॉर्मल!

'डॉक्टर, अंगात जीवच राहिला नाही. एक सलाईन लावून टाका.' साठीच्या आसपासचे रुग्ण ही मागणी हमखास करतात. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाण्याखेरीज असते ४.५ ग्रॅम मीठ. ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. एवढे तर घरच्या लिंबूसरबतातही मिळते! जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या रुग्णाला ही बाटली जीवदान देते हे खरे, पण मरगळ तिने जात नाही.

मरगळीची शारीरिक कारणे आधी तपासावीत. हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, थायरॉईड आणि ब-१२ जीवनसत्त्व पाहून घ्यावे. शाकाहारी मंडळींत आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत ब-१२ कमी असण्याचा संभव जास्त. परंतु पुष्कळदा सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि माणूस मात्र कोमेजलेलाच दिसतो. अशा वेळी मी विचारतो, 'उद्या सकाळी तुमची कोण वाट पाहतंय?' बरेच जण गप्प होतात.

जपानी भाषेत 'इकिगाई' असा शब्द आहे. ज्याच्यासाठी जगावे असे काही आपल्यापाशी आहे, ही भावना. ईशान्य जपानमधील ओसाकी (ओसाका नव्हे) भागात ४० ते ७९ वयाच्या ४३,३९१ लोकांना 'तुमच्या जीवनात इकिगाई आहे का?' असे विचारले गेले आणि पुढे सात वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. 'नाही' म्हणणाऱ्यांत मृत्यूचा धोका सुमारे दीडपट आढळला. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांत फरक होता, कर्करोगात मात्र नव्हता. कोणी म्हणेल, आजारी माणसाचा उत्साह आधीच गेलेला असणार. संशोधकांनी आधीचे आजार हिशेबात धरले, तरी फरक उरलाच. अर्थात एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि रक्तदाबाची गोळी बंद करून कोणी इकिगाई शोधायला निघू नये!

हा हेतू फार थोर असावा लागत नाही. एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे दर आठवड्याला नवे दुखणे घेऊन येत. ड्यूटी नाही, तरी पहाटे चारला जाग. मग दिवसभर घरच्यांशी खटके. पुढे ते सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी खेड्यातून आलेल्यांना केसपेपर काढून देऊ लागले, कोणती खिडकी, कोणती खोली ते सांगू लागले. गुडघे त्यांचे अजून दुखतात. पण मंगळवारी ते दाखवायला येत नाहीत, वेळ नसतो!

मुले पुण्या-मुंबईला गेल्यावर घरातल्या बाईचेही असेच होते. ती बिचारी कधी निवृत्त झाली, हे घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही. गेल्या आठ दिवसांत कोणते काम करताना घड्याळाकडे लक्ष गेले नाही, ते आठवून पाहावे. त्याच कामाला आठवड्यातला एक ठरलेला वार द्यावा, आणि शक्यतो त्यात दुसऱ्या कोणाची गरज गुंतलेली असावी.

एक मात्र वेगळे ओळखावे. सलग दोन आठवडे कशातच गोडी वाटत नाही, झोप-भूक गेली आहे, जगणे नकोसे वाटते, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. तिथे 'मन रमवा' हा सल्ला पुरत नाही. उपचार आहेत आणि त्यांनी गुण येतो. डॉक्टरांना दाखवावे. २०२२ पासून सुरू असलेल्या सरकारी 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते, मराठीतही.